शीर आणि तिचा शेजारी : व्हेरिकोज व्हेन्सचे उपचार आणि मज्जातंतूंच्या इजेचा इतिहास

१/
मराठी बोलीत 'नस' हा मोठा सोयीचा शब्द आहे. पोटरीवर निळसर, नागमोडी शिरा उठून दिसू लागल्या की 'पायाच्या नसा फुगल्या' असे म्हटले जाते. कंबरेतून पायाकडे कळ गेली की 'नस दबली' असे म्हटले जाते. पहिली नस रक्त वाहून नेणारी शीर असते, दुसरी संवेदना वाहून नेणारा मज्जातंतू. शब्द एक, वस्तू दोन. फुगलेल्या शिरांच्या शस्त्रक्रियेचा दोन हजार वर्षांहून जुना इतिहास वाचताना या दोन वस्तूंचा शेजार सतत डोळ्यांसमोर ठेवावा लागतो.

२/
हा शेजार शब्दशः आहे. पायाच्या आतल्या बाजूने घोट्यापासून जांघेपर्यंत मोठी सॅफेनस शीर चढते. गुडघ्याखाली सॅफेनस मज्जातंतू तिला बिलगून असतो. पोटरीच्या मागे छोटी सॅफेनस शीर असते आणि तिच्या सोबतीला स्युरल मज्जातंतू. गुडघ्यामागच्या खळग्यात टिबियल मज्जातंतू असतो, तर गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला फिब्युला हाडाच्या मानेवरून कॉमन पेरोनियल मज्जातंतू वळसा घेतो. पहिले दोन केवळ त्वचेची संवेदना वाहतात. नंतरचे दोन पाऊल हलवणाऱ्या स्नायूंनाही आज्ञा पोहोचवतात.

३/
शिरा फुगतात कशामुळे? पायातील रक्ताला हृदयाकडे परतताना गुरुत्वाकर्षणाविरुद्ध चढावे लागते. ते खाली घसरू नये म्हणून शिरांमध्ये जागोजागी झडपा असतात. झडपा निकामी झाल्या की रक्त उलट फिरते, शिरेवरचा दाब वाढतो आणि ती ताणून फुगते. पुढे घोट्याजवळची त्वचा काळवंडते, खाज सुटते आणि काहींना वर्षानुवर्षे न भरणारे व्रण होतात. हा केवळ दिसण्याचा प्रश्न नव्हता, म्हणूनच माणसे जीव मुठीत धरून सुरीखाली जात राहिली.

४/
अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात इसवी सनपूर्व चौथ्या शतकातील एक नवसाची शिल्पशिला आहे. अक्रोपोलिसच्या उताराजवळील अमिनोस या आरोग्यदायी वीराच्या स्थानी लिसिमाखिडेस नावाच्या माणसाने ती अर्पण केली होती. एक पुरुष आपल्या उंचीइतका प्रचंड पाय दोन्ही हातांनी धरून उभा आहे आणि त्या पायाच्या आतल्या बाजूने एक फुगीर शीर स्पष्ट कोरलेली आहे. शिल्पकाराने जे दिसले ते कोरले. शिरेशेजारचा मज्जातंतू डोळ्यांना दिसत नाही. तो शिल्पात नाही, आणि पुढची कित्येक शतके शस्त्रक्रियेच्या वर्णनातही नाही.

५/
या व्याधीचा सर्वांत प्रसिद्ध रोमन रुग्ण म्हणजे सेनापती गायस मारियस (इ.स.पू. १५७ ते ८६). प्लुटार्कने लिहिले आहे की त्याच्या दोन्ही पायांवर अशा शिरा होत्या. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाला बांधून ठेवण्याची रीत होती. मारियसने बांधून घेण्यास नकार दिला, एक पाय पुढे केला आणि हूं की चूं न करता तो कापू दिला. वैद्य दुसऱ्या पायाकडे वळला तेव्हा मात्र त्याने थांबवले. एवढ्या वेदनेच्या मोलाचा हा गुण नाही, असा त्याचा हिशोब होता. उपचाराचा लाभ आणि उपचाराची किंमत तराजूत तोलणाऱ्या रुग्णांमध्ये त्याचे नाव फार जुने आहे.

६/
ती शस्त्रक्रिया कशी असावी याची कल्पना पहिल्या शतकातील सेल्ससच्या वैद्यकग्रंथावरून येते. त्यात दोन मार्ग सांगितले आहेत : शिरेला डाग देणे किंवा ती काढून टाकणे. काढताना त्वचेला छेद द्यायचा, बोथट आकड्याने शीर उचलायची, ठरावीक अंतरावर पुन्हा छेद घ्यायचा आणि मधला भाग ओढून काढायचा. डाग देताना जखमेच्या कडा भाजू नयेत, अशी दक्षतेची सूचनाही आहे. आकडा आणि उष्णता, ही दोन्ही साधने पुढे विसाव्या शतकात नव्या रूपात परत आली.

७/
शीर आणि मज्जातंतू यांची गल्लत केवळ मराठीची नाही. ग्रीक भाषेत 'न्यूरॉन' या शब्दाचा मूळ अर्थ कंडरा किंवा धनुष्याची तात असा होता. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकाच्या सुमारास अलेक्झांड्रियात हेरोफिलसने शवविच्छेदन करून मज्जातंतूंना कंडरांपासून आणि रक्तवाहिन्यांपासून वेगळे ओळखले. भारतात सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ७०० सिरा मोजल्या आहेत आणि त्यांपैकी ९८ 'अवेध्य', म्हणजे कधीही न भेदण्याच्या, सांगितल्या आहेत. तेथील 'सिरा' म्हणजे नेमकी आजची शीर असे समीकरण मांडता येत नाही. मात्र शस्त्र कोठे चालवावे याइतकेच ते कोठे चालवू नये हेही शिकवावे लागते, ही जाण त्या यादीत आहे.

८/
शस्त्रक्रियेने मज्जातंतूला इजा झाल्याची एक जुनी आणि नेमकी नोंद दुसऱ्या शतकातील गॅलेनची आहे. मानेतील गाठी काढताना वैद्याच्या हातून स्वरयंत्राकडे जाणारे मज्जातंतू तुटले आणि रुग्ण मुलाचा आवाज गेला, असे त्याने लिहिले आहे. डुकरांवर प्रयोग करून हाच मज्जातंतू बांधला की आवाज थांबतो, हेही त्याने दाखवले होते. गाठ बरी झाली, पण वाचा गेली. उपचारातून उद्भवणारी इजा म्हणजे काय, हे याहून थोडक्यात सांगता येणार नाही.

९/
मग पायातील इजा शतकानुशतके नोंदीबाहेर का राहिली? कारण आवाज गेला तर साऱ्या घराला कळते. घोट्याच्या आतल्या बाजूचा हाताएवढा भाग बधिर झाला तर ते एकट्या रुग्णालाच कळते. माणूस चालतो, काम करतो, वरून काहीच दिसत नाही. शिवाय भूल आणि जंतुनाशके नसलेल्या काळात जखम चिघळून जीव जाण्याची भीती इतकी मोठी होती की बधिर झालेल्या घोट्याची तक्रार कोण लिहून ठेवणार? एखादी गुंतागुंत इतिहासात दिसू लागते ती तिच्याहून भयंकर गोष्टी मागे हटल्यावरच.

१०/
मधल्या काळात ज्ञान हळूहळू साचत गेले. सातव्या शतकात एजिनाच्या पॉलने मांडीतील शीर बांधून ती काढण्याची रीत वर्णिली. १६०३मध्ये पादुआचे फॅब्रिशियस यांनी शिरांतील झडपांवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचे शिष्य विल्यम हार्वी यांनी १६२८मध्ये रक्ताभिसरण मांडताना त्या झडपांचा अर्थ उलगडला : रक्ताला एकाच दिशेने जाऊ देणारी ती दारे आहेत. आता शीर फुगण्यामागचे यंत्र समजण्याजोगे झाले. पण शस्त्रक्रिया मात्र तितकीच वेदनादायक आणि तितकीच जीवघेणी राहिली.

११/
१८४६मध्ये बोस्टनमध्ये ईथरची भूल जाहीरपणे दाखवली गेली आणि १८६७मध्ये जोसेफ लिस्टर यांनी जंतुविरोधी शस्त्रक्रियेची पद्धत मांडली. या दोन पावलांनी शस्त्रक्रियेची भीती ओसरली, तसे शस्त्रवैद्यांचे धाडस वाढले. १८८४मध्ये जर्मनीत ओटो माडेलुंग यांनी पायावर लांबलचक छेद देऊन शीर समूळ काढण्याचा पुरस्कार केला. विसाव्या शतकाच्या आरंभी तर पायाभोवती मळसूत्रासारखा गोल फिरत जाणारा छेदही घेतला गेला. अशा छेदाच्या वाटेत येणारे त्वचेचे मज्जातंतू अर्थातच कापले जात.

१२/
याच काळात फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९०मध्ये उलट दिशेने विचार केला. रक्त वरून खाली घसरत असेल तर साऱ्या पायाची चिरफाड कशाला? मांडीत लहान छेद घेऊन मोठी सॅफेनस शीर बांधली की पुरे. मज्जातंतूंच्या दृष्टीने ही पद्धत सौम्य होती, कारण त्या उंचीवर सॅफेनस मज्जातंतू शिरेपासून दूर, खोल असतो. परंतु शीर जागेवरच राहत असल्याने पुष्कळ रुग्णांत व्याधी परत येई. कमी कापावे तर रोग उलटतो, जास्त कापावे तर शेजारी दुखावतो. पुढची शंभर वर्षे हाच पेच होता.

१३/
पेच सुटला असे वाटले ते अमेरिकेत, अवघ्या तीन वर्षांत. १९०५मध्ये विल्यम केलर यांनी शिरेतून तार ओवून ती मोज्यासारखी उलटी करत ओढून काढली. १९०६मध्ये चार्ल्स मेयो यांनी शिरेवरून सरकणारे कडे वापरले. १९०७मध्ये फिलाडेल्फियाचे वेन बॅबकॉक यांनी एका टोकाला बोंड असलेली सळई शिरेच्या आतून घालण्याची युक्ती प्रसिद्ध केली. घोट्याजवळ एक छेद, जांघेत एक छेद, आणि मधली सबंध शीर एका ओढीत बाहेर. याला 'स्ट्रिपिंग' म्हणू लागले. कमी छेदांची शस्त्रक्रिया या कल्पनेचा उगम लेझरमध्ये नव्हे, या सळईत शोधायला हवा.

१४/
छेद लहान झाले, पण दृष्टी गेली. शस्त्रवैद्य आता जे काढत होता ते त्याला दिसत नव्हते. सॅफेनस मज्जातंतूच्या फांद्या खाली आणि पुढे पसरत जातात, म्हणजे त्यांच्या बेचक्यांचे तोंड खाली असते. सळईचे बोंड घोट्याकडून वर ओढले की ते नेमके या बेचक्यांत शिरते आणि फांदी ताणते किंवा तोडते. वरून खाली ओढले तर ते बेचक्यांच्या पाठीवरून घसरण्याची शक्यता अधिक. एवढी साधी भूमिती, पण ती गांभीर्याने घेतली जायला काही दशके लागली.

१५/
या दिरंगाईमागे आणखी एक कारण होते. भूल दिलेला रुग्ण बोलत नाही. मारियसच्या काळात मज्जातंतूला आकडा लागला असता तर रुग्णाची किंकाळी वैद्याला ऐकू आली असती. पूर्ण भुलेखाली मज्जातंतू ताणला गेला तरी टेबलावर शांतताच असे. रुग्णाला जाग आल्यावर, पट्ट्या सुटल्यावर घोट्याशी मुंग्या येतात, चादरीचा स्पर्शही बोचतो किंवा तेथे काहीच जाणवत नाही, हे लक्षात येई. भूल हे वरदान होतेच. त्या वरदानाने एक धोक्याची घंटाही बंद केली.

१६/
मज्जातंतूंच्या इजेविषयीचे शास्त्र मात्र रणांगणावर वाढत होते. अमेरिकन यादवी युद्धातील जखमी सैनिकांना तपासणाऱ्या सायलस वीअर मिचेल यांनी १८७२मध्ये मज्जातंतूंच्या इजांवर ग्रंथ लिहिला आणि जळजळत्या वेदनेचे वर्णन केले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हर्बर्ट सेडन यांनी १९४३मध्ये इजेचे तीन प्रकार सांगितले : मज्जातंतूचे कार्य तात्पुरते थांबणे, बाहेरचे आवरण टिकून आतला तंतू तुटणे, आणि सबंध मज्जातंतूच तुटणे. पहिल्यात दिवसांत किंवा आठवड्यांत बरे वाटते, दुसऱ्यात महिने लागतात, तिसऱ्यात आपोआप जुळण्याची आशा फारशी नसते.

१७/
दुसऱ्या प्रकारात तुटलेला तंतू आवरणाच्या नळीतून पुन्हा वाढतो, पण दिवसाला साधारण १ मिलिमीटर या गतीने. गुडघ्याजवळ झालेली इजा घोट्यापर्यंत भरून यायची तर अंतर सुमारे ३५ ते ४० सेंटिमीटर. म्हणजे साधारण वर्षभराची वाट. 'हळूहळू बरे होईल' या वैद्यांच्या नेहमीच्या आश्वासनामागे हे गणित आहे. सगळ्यांच्याच बाबतीत ते पूर्ण जुळत नाही, हेही त्याच गणिताचा भाग आहे.

१८/
१९७४मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने स्ट्रिपिंगमुळे होणाऱ्या सॅफेनस मज्जातंतूच्या इजेवर निबंध छापला. १९९०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घोट्यापर्यंत शीर काढलेल्यांपैकी ३९ टक्के पायांत अशी इजा आढळली, तर केवळ गुडघ्यापर्यंत काढलेल्यांत ती ७ टक्के होती. या आकड्यांनी रीत बदलली. गुडघ्याखालचा भाग जागीच ठेवावा, हा नियम रूढ झाला. ज्या गुंतागुंतीची कोणी दखल घेत नव्हते, ती आता शस्त्रक्रिया कोठे थांबावी हे ठरवू लागली. ब्रिटनमध्ये या शस्त्रक्रियांवरून होणाऱ्या भरपाईच्या दाव्यांतही मज्जातंतूची इजा हे ठळक कारण होते.

१९/
दरम्यान १९५६मध्ये स्वित्झर्लंडच्या न्यूशातेल येथील त्वचारोगतज्ज्ञ रॉबर्ट म्युलर यांनी सेल्ससच्या आकड्याला नवा जन्म दिला. जागेवर भूल देऊन, टाक्याचीही गरज पडू नये इतक्या बारीक छिद्रांतून लहान आकड्याने फांद्या ओढून काढायच्या आणि रुग्णाला चालत घरी पाठवायचे. पद्धत देखणी होती, पण आकड्याला शीर आणि मज्जातंतू यांतला फरक कळत नाही. फिब्युलाच्या मानेजवळ कॉमन पेरोनियल मज्जातंतू त्वचेखाली अगदी उथळ असतो. तो दुखावला तर पाऊल वर उचलता येत नाही, चालताना बोटे जमिनीला घासतात. म्हणून त्या जागी आकडा अतिशय जपून चालवावा, असा दंडक आला.

२०/
विसाव्या शतकाच्या शेवटी खरी उलथापालथ झाली. अमेरिकेत सिएटल येथे युजीन स्ट्रँडनेस यांच्या चमूने १९७०च्या दशकात विकसित केलेल्या डुप्लेक्स अल्ट्रासाउंडमुळे त्वचेखालची शीर आणि तिच्यातील रक्ताची दिशा पडद्यावर दिसू लागली. बॅबकॉकच्या सळईने हरवलेली दृष्टी परत आली. मग शीर ओढून काढण्याऐवजी ती आतूनच भाजून बंद करण्याची कल्पना पुढे आली. रेडिओफ्रीक्वेन्सी उपकरणाला १९९९मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याच वर्षी स्पेनच्या कार्लोस बोने यांनी शिरेच्या आत लेझर वापरण्याची पद्धत मांडली आणि २००१मध्ये लुईस नवारो, रॉबर्ट मिन व बोने यांचा निबंध आला.

२१/
सेल्ससचा डाग आता सुईच्या छिद्रातून शिरेच्या पोटात पोहोचला. पुढच्या पिढीचे रेडिओफ्रीक्वेन्सी उपकरण शिरेचा ७ सेंटिमीटरचा तुकडा २० सेकंद १२० अंश सेल्सियसला तापवते. लेझरच्या टोकाशी तापमान याहून कितीतरी जास्त असते. शीर आकसते, बंद होते, कालांतराने शरीर तिचा धागा करून टाकते. पण उष्णता शिरेच्या भिंतीशी थांबत नाही. ती शेजाऱ्याकडेही जाते. पूर्वी मज्जातंतू ताणला किंवा तुटला जाई, आता तो भाजला जाऊ शकतो. इजेची शक्यता कमी झाली, पण तिचे रूप बदलले.

२२/
यावरचा उपाय अनपेक्षित ठिकाणाहून आला. कॅलिफोर्नियाचे त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी १९८७मध्ये चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेसाठी ट्यूमेसंट भूल मांडली होती : पुष्कळ सलाइनमध्ये अगदी विरळ लिडोकेन आणि अ‍ॅड्रेनलिन. हेच द्रव अल्ट्रासाउंडवर पाहत शिरेभोवती भरले की तीन कामे एकदम होतात. वेदना थांबते, शीर दाबली जाऊन तापणाऱ्या टोकाला चिकटते, आणि शीर व मज्जातंतू यांच्यात पाण्याचा खंदक तयार होतो. तो उष्णता शोषतो आणि शेजाऱ्याला दूर ढकलतो. आजच्या उपचारातील सुरक्षिततेचा मोठा वाटा या साध्या पाण्याचा आहे.

२३/
क्लाइनच्या द्रवाने आणखी एक गोष्ट परत दिली : रुग्णाचा आवाज. या पद्धतीत रुग्ण जागा असतो. मज्जातंतूजवळ उष्णता पोहोचली तर खाली पावलाकडे विजेसारखी कळ जाते आणि तो लगेच सांगू शकतो. वैद्य थांबतो, द्रव वाढवतो किंवा जागा बदलतो. याच कारणाने पाठीतून भूल देऊन संपूर्ण पाय बधिर करणे किंवा पूर्ण भूल देणे शक्य तेथे टाळावे, असे अनेक तज्ज्ञ मानतात. मारियसने दात-ओठ खाऊन जे गिळले, ते मोकळेपणी बोलून दाखवणे हा आता उपचाराचा भाग आहे.

२४/
तरीही काही जागा अवघड राहिल्या. पोटरीमागे, विशेषतः तिच्या खालच्या भागात, स्युरल मज्जातंतू छोट्या सॅफेनस शिरेला इतका खेटून असतो की पाण्याचा खंदकही कमी पडतो. म्हणून तेथे सुई घोट्याजवळ न घालता पोटरीच्या मध्याच्या आसपास घालण्याकडे कल असतो. गुडघ्यामागे शीर खोल जाते तेथे टिबियल मज्जातंतू जवळ असतो. तो दुखावला तर केवळ बधिरपणा नव्हे, पावलाची ताकदही जाऊ शकते. म्हणून टोक कोठे थांबवायचे हे पडद्यावर पाहूनच ठरवावे लागते.

२५/
२०१३मध्ये ब्रिटनच्या नाइस या संस्थेने मार्गदर्शक तत्त्वांत उष्णतेने शीर बंद करण्याला पहिली पसंती दिली, औषधी फेसाला दुसरी आणि जुन्या शस्त्रक्रियेला तिसरी. त्याच सुमारास उष्णता पूर्णपणे टाळणारे मार्गही आले. त्यांतला एक म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद. १९४२मध्ये कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमदर्शकासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत असताना हे चिकट रसायन त्यांच्या हाती लागले होते. शीर चिकटवून बंद करण्यासाठी त्याला २०१५मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. उष्णता नाही, त्यामुळे मज्जातंतू भाजण्याची भीती नाही.

२६/
पण किंमत येथेही आहे. गोंद शरीरात राहतो आणि काहींच्या त्वचेला त्यामुळे सूज व लाली येते. फेसाने बंद केलेली शीर पुन्हा उघडण्याची शक्यता अधिक असते. उष्णतेने ती पक्की बंद होते, पण शेजाऱ्याला जपावे लागते, आणि तशी इजा झालीच तर ती बहुतेकांत काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरते. प्रत्येक पिढीने आधीच्या पद्धतीचा एक दोष काढला आणि दुसरा पत्करला. 'छेद नाही, टाके नाहीत' हे वर्णन खरे असते. 'धोका नाही' हे मात्र कोणत्याच शतकात खरे नव्हते.

२७/
म्हणून या इतिहासाचा उपयोग केवळ जुन्या गमतीजमतींपुरता नाही. घरातील एखाद्याच्या पायावर असा उपचार ठरला की विचारण्याजोगे प्रश्न याच इतिहासातून येतात. शीर कोठपर्यंत बंद करणार? त्या जागी कोणता मज्जातंतू जवळ आहे? भूल कोणती, आणि कळ आली तर सांगता येईल का? नंतर बधिरपणा राहिला तर तो किती काळ अपेक्षित आहे? मारियसने आपला हिशोब पहिला पाय कापून झाल्यावर केला. आजच्या रुग्णाला तो आधी करता येतो, आणि तसा तो करू देणे हे त्याच्या वैद्याचे कर्तव्य आहे.

(समाप्त)